एकशे सतरा क्रमांकाची मुलाखत

वीज सगळ्यांना सारखंच वागवते, हा तिचा फार मोठा दोष आहे. उघड्या तारेला हात लावणाऱ्याचे वडील कोण, हे न विचारताच ती झटका देते. हा दोष दूर करण्यासाठी आमच्या बफेलो शहरात वीजकामगार युनियनची उमेदवारी निवड समिती आहे आणि गेली नऊ वर्षं मी तिचा नम्र सभासद आहे.

पद्धत अत्यंत निर्दोष आहे. अर्ज करायचा, बीजगणिताची परीक्षा द्यायची, मग सहा जणांसमोर मुलाखत. तीन युनियनचे, तीन ठेकेदारांचे (भांडण झालंच तर बरोबरीत सुटावं म्हणून). पहिल्या चाळीस जणांना पाच वर्षं शिकाऊ म्हणून उमेदवारी करता येते. शिकताना पगार, शेवटी परवाना, म्हातारपणी पेन्शन. बाकीच्यांना छापील पत्र मिळतं.

यंदा परीक्षेत पहिली आली मार्वा टिल्मन. वय एकोणचाळीस, हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत बारा वर्षं नोकरी. लाँड्री मेमध्ये बंद होणार होती आणि आमच्याकडे तिचा हा तिसरा अर्ज होता. निःपक्षपातीपणासाठी आम्ही अर्जदारांना नावाने ओळखत नाही, म्हणून यापुढे ती एकशे सतरा क्रमांक.

तिच्याआधी डेक्लन आला. डेक्लन माझा भाचा. (नियमानुसार मी तेवढा वेळ बाहेर उभा राहिलो. दार नीट लागत नाही, त्याला माझा इलाज नाही.) अध्यक्ष वॉल्ट कझिन्स्कीने विचारलं, "काय रे, इलेक्ट्रिशियन का व्हायचंय तुला?"

"बाबा म्हणाले, म्हणून."

प्रामाणिकपणाचे पूर्ण गुण. मग डेक्लनने भिंतीवरच्या फोटोत आपले आजोबा दाखवले. परंपरेचे वेगळे.

एकशे सतरा क्रमांकाचं भिंतीवर कोणीच नव्हतं. ती खुर्चीत बसली आणि दिवे गेले.

फेब्रुवारी महिना, तळघरातली खोली. हीटर चालू होता, कॉफीचं मोठं भांडंही चालू होतं. आम्ही सहा जण, एकूण अनुभव एकशे एकाहत्तर वर्षं, अंधारात कोट चढवून शांत बसलो.

"तुमच्यापैकी कोणी बघणार आहे का?" अंधारातून तिचा आवाज आला.

"हे काम आमच्या हद्दीत नाही, बाई," वॉल्ट म्हणाला. "इमारतीची देखभाल दुसऱ्या युनियनकडे. त्यांचा माणूस सोमवारी येईल."

"आज गुरुवार आहे."

"म्हणूनच कोट घातलेत."

ती मोबाइलच्या उजेडात उठली, भांड्याचा प्लग काढला आणि बाहेरच्या बोर्डावर पडलेलं बटण वर केलं. दिवे आले. "हीटर आणि कॉफी एकाच लाइनवर लावलीय तुम्ही," ती म्हणाली. "लाँड्रीत हे पहिल्याच आठवड्यात कळतं."

समितीने तिचं मूल्यमापन अत्यंत काळजीपूर्वक केलं. शिस्त: शून्य (परवाना नसताना दुसऱ्या युनियनचं काम केलं). संघभावना: शून्य (सहा जण बसलेले असताना एकटीने केलं). निर्णयक्षमतेचे गुण देण्याजोगे होते, पण तो रकाना यंदा छापायचा राहिला. कॉफी थंड झाली, हे शेऱ्यात लिहिलं.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तरीही मी सही केली.

यादी लागली तेव्हा डेक्लन चाळिसावा होता आणि एकशे सतरा क्रमांक एक्केचाळिसावा. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली, यादीवर बोट ठेवून उभी राहिली. "लाँड्री मेमध्ये बंद होतेय, साहेब," ती मला म्हणाली. "एका माणसाने हुकलंय माझं."

"पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा," मी म्हणालो. पत्रातही तेच छापलेलं होतं.

वाचकहो, तुम्ही चिडला असाल. असला अन्याय तुम्ही कधी केला नसता. डेक्लनचं नाव तर तुम्हाला पाठच झालं असेल, वॉल्टचंही आठवेल. आता मागे न बघता तिचं सांगा.

नाही ना आठवत? हरकत नाही. समितीत एक जागा रिकामी होतेय, या. मुलाखत लागत नाही.