घाटात पेटलेली लाल किटली

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, करंजी घाटातल्या एका चढावर, बेंजामिन गुरुजींच्या गाडीत टुंग असा आवाज झाला आणि स्टिअरिंगमागे किटलीच्या आकाराचा लाल दिवा पेटला. गुरुजींनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि कप्प्यातून गाडीचं माहितीपुस्तक काढलं.

"अहो, थांबलात कशाला?" शेजारी बसलेल्या रोझीबाईंनी मांडीवरची फाईल घट्ट धरली.

"ऑइल प्रेशरचा दिवा लागलाय."

"मग लागू दे. गाडी चालत होती ना?"

"लाल आहे, रोझी. पिवळा असता तर गोष्ट वेगळी. लाल म्हणजे इंजिनात तेल फिरत नसेल. तसंच पुढं गेलो तर आतलं सगळं जाम होईल."

फाईलमध्ये रोझीबाईंचा ग्रामपंचायत निवडणुकीचा अर्ज होता. आज शेवटचा दिवस; पाथर्डीच्या तहसील कचेरीत तीन वाजता टेबल बंद. अर्ज आठवड्यापूर्वीच गेला असता, पण शौचालयाच्या दाखल्यावर ग्रामसेवकाची सही हवी होती आणि ग्रामसेवक भाच्याच्या लग्नाला गेले होते, ते आज एक वाजता उगवले. एकोणतीस वर्षं अंगणवाडी सांभाळलेल्या रोझीबाईंना वॉर्डातल्या नळाला चार दिवसांनी येणारं पाणी आता सहन होत नव्हतं. गुरुजी त्यांचे नवरे होते, अर्जावरचे सूचकही होते आणि आज ड्रायव्हरही होते.

गुरुजींनी पुस्तकातला परिच्छेद मोठ्यानं वाचला. "इंजिन ताबडतोब बंद करा. काही मिनिटं थांबा. तेलाची पातळी तपासा."

"काही म्हणजे किती?"

"ते दिलेलं नाही. आपण दहा धरू."

रोझीबाईंनी ती दहा मिनिटं घड्याळाकडे बघत काढली. मग गुरुजींनी बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी उपसली, पुसली, परत घातली, परत उपसली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं.

"बघ! म्हटलं नव्हतं?" त्यांच्या आवाजात काळजी होती, पण थोडं समाधानही होतं. डिकीत एक लिटरचा डबा होताच, आणि पुस्तकात सांगितलेल्याच ग्रेडचा. त्यांनी तो सगळा ओतला आणि गाडी सुरू केली. किटली लालच राहिली. त्यांनी इंजिन बंद केलं आणि करंजीच्या शमशेर मेकॅनिकला फोन लावला.

"चालू करू नका गुरुजी, आलोच," शमशेर म्हणाला.

दोन वाजून दहा मिनिटांनी शमशेरच्या आधी भागवतची जीप आली. भागवत गावातल्या दुसऱ्या पार्टीचा. त्याची बायको भीमाबाई रोझीबाईंच्याच वॉर्डातून उभी राहणार होती. भागवतनं अर्जासाठी अडीचनंतरचा मुहूर्त काढला होता, म्हणून ही मंडळी इतक्या उशिरा निघाली होती.

"काय झालं गुरुजी?"

"ऑइल प्रेशरचा दिवा."

भागवतनं आपल्या जीपच्या डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. तिथं चार दिवे लागलेले होते. "आमचे समदे कायम लागलेले हायत. आमी बघतच न्हाई तिकडं."

भीमाबाईनं मागचं दार उघडलं. "बाई, बसा. तीन वाजतील."

"अगं, त्या आपल्या विरोधात हायत!" भागवत दबक्या आवाजात म्हणाला.

"मंग काय घाटात सोडून जायचं? पोरं त्यांच्याच अंगनवाडीत शिकली आपली."

रोझीबाई जीपमध्ये चढल्या आणि लगेच किंचाळल्या, "अहो, तुमची सही! सूचकाची सही राहिलीय!"

गुरुजी बॉनेटखालून तसेच धावले आणि सही करून मोकळे झाले. जीप सुटल्यावर त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. दोन्ही तळवे काळे कुळकुळीत होते. त्यांनी जीपमागे हात हलवून पाहिला. भीमाबाईनंही हात हलवला.

शमशेर आला तेव्हा त्यानं बॉनेटकडे बघितलंच नाही. त्यानं आधी रस्त्याकडे बघितलं.

"गुरुजी, तेल इथंच मोजलं? ह्या चढावर?"

"हो. खालच्या खुणेच्याही खाली होतं."

"नाक वर हाय गाडीचं. तेल समदं मागं गेलं, पट्टीला कुठनं लागायचं?"

गुरुजींनी माहितीपुस्तक उघडलं. 'गाडी सपाट जागेवर उभी करून' हे शब्द पुढच्या पानावर होते. त्यांनी पान उलटलंच नव्हतं.

इंजिन बंद ठेवूनच दोघांनी गाडी हळूहळू मागे सोडत वळणाजवळच्या सपाट जागेवर आणली. तिथं पट्टी वरच्या खुणेच्याही बरीच वर भिजली. शमशेरनं पट्टीच्या नळीतून बारीक पाईप घातला आणि गुरुजींनी घातलेलं महागाचं तेल पंपानं ओढून बाटलीत काढलं. अडीच वाजले.

"आता खरं प्रेशर बघू," म्हणत त्यानं इंजिनाच्या कडेचा, तो लाल दिवा लावणारा अंगठ्याएवढा स्विच खोलला आणि त्या जागी घड्याळासारखा मीटर बसवला. "मारा स्टार्टर. काटा हलला न्हाई तर लगेच बंद करा. तसं झालं तर पंप गेला समजा, गाडी ओढूनच न्यावी लागंल."

गुरुजींनी डोळे मिटून चावी फिरवली.

"डोळे उघडा. काटा बघा कसा उभा राहिलाय! प्रेशर एक नंबर हाय. तुमचा स्विच खोटं बोलतोय."

"म्हणजे मी थांबलो नसतो तरी चाललं असतं?"

"थांबला ते बरोबर केलं. पन ओतलं ते उगाच," शमशेर म्हणाला आणि झोळीतला नवा स्विच बसवायला वाकला.

गुरुजी कचेरीत पोचले तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. आवारातल्या बाकावर रोझीबाई आणि भीमाबाई शेंगा खात बसल्या होत्या. भागवत लांब उभा राहून फोनवर ओरडत होता, "भरला, भरला! गुलाल आनून ठेवा!"

"रोझी, स्विच होता! प्रेशर उत्तम—"

"तुमच्या काळ्या हातांनी माझं नावच पुसलं," रोझीबाई म्हणाल्या. "कारकुनानं अर्ज हातात धरला नाही. समोरच्या दुकानातून नवा आणला, भरला. तीनला चार मिनिटं कमी होती आणि सूचकच नव्हता."

"मग?"

रोझीबाईंनी भीमाबाईकडे पाहिलं. भीमाबाई मन लावून शेंग सोलत होती.

तेवढ्यात कारकून यादी घेऊन बाहेर आला आणि वाचू लागला. "वॉर्ड दोन. रोझी बेंजामिन. एकच अर्ज."

भागवतच्या हातातला फोन खाली आला. "एकच कसा? आमचा कुठं हाय?"

"हा काय, पिशवीत," भीमाबाई म्हणाली. "मला न्हाई उभं राहायचं, हे चार महिनं सांगतीये. तुमी ऐकलं का?"

"अगं, पन म्या सूचकाची सही केली ना आत! मंग ती कशावर केली?"

"तुमीच घाईघाईत म्हनला, कुठं करू, दाव. म्या दावलं तिथं केली."

भागवतनं फोन परत कानाला लावला आणि म्हणाला, "गुलाल ऱ्हाऊ द्या." गुरुजींनी स्विचची उरलेली हकीगत गिळून टाकली, पॅन्टला हात पुसले आणि कोणाला काही न विचारता चार चहा सांगायला ते कॅन्टीनकडे निघाले.