देवराईत राहिलेली पँट

मी आयुष्यात कधी काही हरवलेलं नाही. पेणच्या कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी करतो. अशी नजर असलेल्या माणसाचं काय हरवणार? म्हणूनच साखरपुड्याला निघताना काशीआत्याच्या कनवटीची अंगठी मी हट्टानं माझ्या खिशात घेतली.

मुलीचं गाव रोह्याच्या वर, डोंगरात. मुलगी सरू. तिचे वडील महिपती देवराईचे राखणदार. तिघांच्या कवेत न मावणारी झाडं, भरदुपारी आत संध्याकाळ, आणि कायदा एकच: आतली वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही. आधी देवाच्या पाया पडायचं, मग अंगठी. चपला काढून मी ऐटीत आत गेलो आणि ऐटीत बाहेर आलो.

महिपतींनी मला खालून वर न्याहाळलं. पँटला गुडघ्यापर्यंत आघाड्याचं बी चिकटलं होतं.

"ह्ये देवाचं हाय," ते म्हणाले. "आत ठेवून या."

गेलो. एकेक बी वेचून ठेवलं. बाहेर येईतो पुन्हा तेवढंच! असं तीनदा झालं. रोह्याची शेवटची गाडी चुकायची वेळ आली. आत्या बाहेरून हाका मारू लागली. ज्याला पँट सांभाळता येत नाही तो पोरगी काय सांभाळणार, असं महिपती पुटपुटले तेही मी ऐकलं. सरू मला मनापासून आवडली होती हो.

मग मी डोकं लढवलं. महिपतींचाच पंचा मागून घेतला, आत जाऊन पँट देवासमोर ठेवली आणि पंचा वर खोचून लढाई जिंकल्यासारखा बाहेर आलो. पायांवर एक बी नाही!

"घाल आता अंगठी," आत्या म्हणाली.

हात खिशाकडे गेला. खिसा आत होता.

महिपतींनी देवराईकडे बघून हात जोडले. "आत ठेवलं ते देवाचं."

आत्या मटकन खाली बसली. लग्न मोडलंच, असं समजून मी मान खाली घातली. तेवढ्यात सरू पुढं आली.

"बाबा, अंगठी भायेर येत नाय, तर मी आत जाते. देवाम्होरं घालते नि तिथंच ठेवते. मग झाला की नाय साखरपुडा?"

महिपतींनी देवराईकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. झाला."

याला आता एकवीस वर्षं झाली. बायको दरसाल देवराईत जाते, पाच मिनिटं अंगठी घालते आणि ठेवून येते. पँट वाळवीनं खाल्ली. जावयानं देवाचं बीसुद्धा बाहेर नेलं नाही, असं सासरे गावभर सांगतात.

तुम्हाला म्हणून सांगतो. त्या दिवशी गाडीत, पंच्याच्या मागच्या बाजूला आघाड्याच्या तीन बिया निघाल्या. कासू स्टेशन येताच मी त्या गपचूप खिडकीबाहेर टाकल्या. हल्ली कासूला रुळांकडेला आघाडा फार माजलाय. सासऱ्यांना सांगू नका.