पाहुण्याचं पान

त्या दिवशी तंजावरात ऊन असं तापलं होतं, की कावळेसुद्धा ओरडायचं सोडून नुसती चोच उघडून बसले होते. अशा उन्हात शेजारचे रावुत्तर भाई एक बकरा ओढत वेंकटरावांच्या परसात आले.

"रावजी, बहिणीला आणायला पापनाशमला जातो. संध्याकाळपर्यंत याला सांभाळा. उद्या बक्रीद. पाला तेवढा घाला हं! कुर्बानीचं जनावर आजारी पडलं तर चालत नाही. देवाच्या नावानं द्यायचं ते चांगलंच द्यायला हवं. त्यात गरिबांचाही वाटा असतो, ती माणसं वाट बघतात."

"खुशाल जा!" वेंकटराव म्हणाले.

पण दारी आलेल्याला नुसता पाला? (घराणं तंजावरात मुरलं, तरी घरची रीत सुटली नव्हती.) त्यांनी केळीचं पान मांडलं, भात वाढला, वर सांबार. बकऱ्यानं चाटूनपुसून खाल्लं. पाहुण्याचं पान रिकामं दिसू नये, म्हणून पुन्हा वाढलं. मग आणखी. शेवटी दहीभात.

त्यांच्या पत्नी अंबाबाई बाहेर आल्या. "अहो, रात्रीचाही भात वाढलात?"

"तो पुरे म्हणेना!"

"अय्यो, बकरा पुरे कसं म्हणेल?"

तोवर बकऱ्याचं पोट मृदंगासारखं फुगलं आणि तो आडवा झाला. वेंकटराव त्याला पंख्यानं वारा घालू लागले. आता भाईंना तोंड कसं दाखवायचं?

अंबाबाईंनी ओव्याचा काढा केला. बकरा तोंड उघडेना. "हे बघ बाबा, असं प्यायचं," म्हणून वेंकटरावांनी घोट घेतला. बकरा कौतुकानं बघत राहिला. दाखवता दाखवता अर्धा तांब्या यांनीच संपवला! उरलेला अंबाबाईंनी त्याला कसाबसा पाजला.

मग गल्लीत शतपावली. बकरा पुढे, राव मागे.

"कुठं निघालात?" कुणी विचारलं.

"जेवण जिरवायला!"

वाटेत राव ठेचकाळले, चप्पल तुटली, पाय मुरगळला. ऊन कललं तेव्हा कुठं बकऱ्यानं एक दणदणीत ढेकर दिला आणि जास्वंदीच्या झाडावर उडी घेतली.

दिवेलागणीला भाई आले. वेंकटरावांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. भाईंनी बकऱ्याचे डोळे बघितले, पाय बघितले, पोट चाचपलं. "फर्स्ट क्लास!"

मग त्यांची नजर वेंकटरावांकडे वळली. हाडकुळा देह, एक पाय ओट्यावर ताणलेला, एक हात पोटावर, तोंडात उरलेले दोनच दात. ते कण्हत विचारत होते, "नक्की चालेल ना, भाई?"

भाई हसू दाबत म्हणाले, "बकरा चालेल. आणि तुम्हीही घाबरू नका, रावजी. लंगडं, आजारी, बोळकं आणि नुसती हाडं, असलं आमच्यात कुर्बानीला कुणी घेत नाही!"