गड बारा लक्ष चौतीस हजार पाचशे सदुसष्ट

शके अठराशे त्र्याण्णव, चैत्रमास. उमरेडच्या शाळेत गणित शिकविणाऱ्या मनकर्णाबाई, सेवकाच्या एके काळच्या विद्यार्थिनी, यांचा खलिता नागपुरी सक्करदऱ्यास पोहोचून वीस दिवस जाहले आणि जबाब गेला नाही, ही लाज आधी नमूद करून मग मोहिमेची हकीकत लिहितो. सेवकाची मती मुळात थोडी. पेन्शनीत आणखी उतरली असेल.

खलित्यात मजकूर ऐसा की, सर, १२३४५६७ हा गड अभेद्य, एक आणि खुद्द तो यांवाचून कोणत्याही संख्येने त्यास भाग जात नाही, ऐसे आपण वर्गात सांगितले होते. तेच सातवीच्या वार्षिक पेपरात घालत आहे. तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारी पेपर छापखान्यात जाईल, तरी एकवार लेखी कळवावे.

सेवकास घाम फुटला. कारण त्या काळी स्वारी केली ती पाढ्यांच्या फौजेनिशी, आणि आमचे मुलखी पाढे पाठ ते तिसापर्यंत. दोनापासून एकोणतिसापर्यंतचे मूळसंख्या सरदार धाडले, ते बाकी घेऊन परतले, मग पुढे पाढा नाही म्हणजे सरदारही नाही, ऐसे मानून सेवकाने अभेद्यतेची द्वाही फिरविली.

गुरुवारी सकाळी तूर पाखडता पाखडता कुटुंब सुभद्राबाई वदल्या की, "काहून जी, पोरीले उत्तर देऊन नाही राहिले?"

"चुकलो असीन तं?"

"तं चुकलो म्हणून लिवा. पेपर पोरं सोडवतीन, तुम्ही नाही."

हुकूम जाहला. सेवकाने पाटी धुतली. अकराशे अकराच्या आत शोध पुरे, कारण त्याहून मोठ्याने भाग गेला तर भागाकार लहान येतो आणि तो आधीच सापडला असता. मग एकतीस चालून गेला, तेवीस बाकी घेऊन परतला. मग सदतीस, मग एकेचाळीस, आणि ऐसे करता एकशे सात तटावर चढला, परंतु एक बाकी उरून कोसळला. सेवक तीनदा तपासून पाहता झाला, एकच. एकशे तेरापर्यंत वीस सरदार परतले. मग एकशे सत्तावीस गेला आणि बाकी शून्य. गडाच्या पोटातून नऊ हजार सातशे एकवीस बाहेर आले.

मग खरी लढाई. सबबींची दोन पाने लिहिली. सुभद्राबाईंनी ती वाचून दाखवावयास लावली आणि फर्मावले, "हे पेपरात टाकाले देता का जी? एक ओळ लिवा."

सेवकाने लिहिले: चि. मनकर्णा, मी चुकलो, १२७ ने भाग जातो, प्रश्न बदलावा.

चारच्या टपालाआधी सेवक जातीनिशी चौकात गेला, पत्र पेटीत सोडले, आणि आत हात घालून ते परत निघत नाही याची खातरजमा केली. फत्ते जाहली.