ब्रिटनचं बजेट आणि नैनाचा साखरपुडा

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या कर्णिकांच्या घरी शनिवारी जेवायला येणाऱ्यांसाठी एकच नियम होता : टेबलावर अमेरिकेचं राजकारण काढायचं नाही आणि भारताचंही काढायचं नाही. नियम सीमा कर्णिकनं केला होता. मागच्या निवडणुकीच्या वेळी एका पाहुण्यानं रागाच्या भरात स्वतः आणलेलं श्रीखंडाचं पातेलं न उघडताच परत नेलं होतं, आणि सीमाच्या पुऱ्या तशाच पडून राहिल्या होत्या. कुणीही निवडून येवो, पुऱ्या वाया जाता कामा नयेत, एवढंच तिचं राजकीय मत होतं.

या नियमाचा सर्वांत जास्त जाच तिचा नवरा श्रीरंग आणि त्याचा मित्र रवी सबनीस यांना झाला. दोघंही ह्यूस्टनमधल्या एकाच तेल कंपनीत इंजिनिअर, घरं एकाच रस्त्यावर समोरासमोर, आणि ऑफिसला जाणं-येणं एकाच गाडीतून. नियम झाल्यापासून शनिवारी दोघं हवामानावर बोलायचे. पण शुगर लँडच्या उन्हाळ्यात हवामानावर 'उकडतंय' यापलीकडे बोलण्यासारखं काही नसतं.

अशात श्रीरंगचे प्रल्हादकाका बर्मिंगहॅमहून आले. तिकडे आयुष्यभर चष्म्यांचं दुकान चालवून आता निवृत्त झालेला हा शांत माणूस. श्रीरंगच्या मुलीचा, नैनाचा, साखरपुडा महिन्याभरावर आला होता, तोही रवीच्या घरामागच्या छप्पर असलेल्या ऐसपैस पॅटिओवर. तेवढ्यासाठी काका आले होते.

पहिल्याच शनिवारी वरणभात कालवता कालवता काका सहज म्हणाले, "आमच्याकडे सरकारनं परत कर्ज काढलंय म्हणे. आता टॅक्स वाढवतील."

श्रीरंगनं सीमाकडे पाहिलं. रवीनंही पाहिलं. सीमानं बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ब्रिटन नियमात नव्हतं.

"काढूच नये कर्ज," श्रीरंग म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्याच्या आवाजाला धार आली होती.

"का काढू नये?" रवीनं खुर्ची पुढे ओढली. "तू हे घर काय रोख मोजून घेतलंस?"

"मी फेडतोय!"

"तेही फेडतील."

"कुणाच्या जिवावर? काकांच्या! रिटायर्ड माणसाच्या खिशात हात घालायला लाज नाही वाटत तुम्हाला?"

"आम्हाला?" रवी उसळला. "तुम्ही एवढी वर्षं सत्तेत होतात, तेव्हा काय दिवे लावलेत?"

प्रल्हादकाकांचा घास हातातच राहिला. "अरे, पण तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं. ते कुणी ऐकलं नाही.

दोघांपैकी कुणीही ब्रिटनला गेलेलं नव्हतं. श्रीरंगचं विमान एकदा लंडनला थांबलं होतं, तेवढंच. पण लहानपणी वर्तमानपत्रात वाचलेले हुजूर पक्ष आणि मजूर पक्ष हे शब्द दोघांच्याही डोक्यात पक्के होते. जेवण संपेपर्यंत श्रीरंग हुजूर झाला आणि रवी मजूर. तीन गाड्या आणि मागे स्विमिंग पूल असलेला शुगर लँडमधला हा पहिलाच मजूर असावा.

"पुऱ्या संपल्या ना? मग भांडू दे," रवीची बायको शोभा सीमाला म्हणाली. शोभा डॉक्टर होती. दुखणं आपोआप बरं होणारं आहे की नाही हे तिला सहसा बरोबर कळायचं. या वेळी तिचा अंदाज चुकला.

दर बुधवारी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये पंतप्रधानांना प्रश्न विचारतात, हा शोध रवीला लागला. टेक्ससमध्ये तेव्हा पहाट असते. एरवी अलार्मला न उठणारा रवी चहा घेऊन टीव्हीसमोर बसू लागला. समोरच्या घरात श्रीरंगही बसायचा. सहा वाजता दोन्ही घरांतून एकदमच "शेम! शेम!" असं ऐकू यायचं.

मग श्रीरंगनं घरापुढच्या लॉनवर पाटी ठोकली : 'करांचा बोजा आता पुरे!' रस्त्यावरच्या डेल नावाच्या म्हाताऱ्या अमेरिकन शेजाऱ्याला ती इंग्रजी पाटी इतकी आवडली, की तो हात मिळवायला आला. "शाब्बास. आपल्या काउंटीला कुणीतरी हे सांगायलाच हवं होतं."

"काउंटीचं नाही, ब्रिटनचं चाललंय," श्रीरंगनं खुलासा केला.

डेलनं पाटी पुन्हा एकदा वाचली. "श्री," तो शेवटी म्हणाला, "त्यांच्या टॅक्सचं आम्ही अडीचशे वर्षांपूर्वीच मिटवलं रे. चहा समुद्रात टाकून."

दुसऱ्या दिवशी रवीच्या लॉनवर दुप्पट मोठी पाटी आली : 'आधी दवाखाने, मग करकपात!' त्या दिवसापासून दोघं वेगवेगळ्या गाड्यांतून ऑफिसला जाऊ लागले. घर तेच, ऑफिस तेच, निघायची वेळही तीच. त्यामुळे हायवेवर तासभर एकाच्या मागे दुसरा, आणि सिग्नलला शेजारीशेजारी थांबले की काचा वर करून दोघंही समोर बघायचे.

या सगळ्यात प्रल्हादकाकांचे फार हाल झाले. नाश्त्याला बसले की श्रीरंग विचारायचा, "काका, एक सांगा, तुमची घरपट्टी, तो काउन्सिल टॅक्स, वाढला की नाही?" बाहेर फिरायला निघाले की रवी गाठायचा, "काका, खरं बोला, तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन फुकटात झालं ना?" काकांनी दोन्ही प्रश्नांना 'हो' म्हटलं, तर दोघंही आपणच जिंकलो म्हणून खूश. शेवटी काकांनी बॅग भरली.

"सीमा, मी जरा बेलव्ह्यूला लेकीकडे, प्रीताकडे, जाऊन येतो. साखरपुड्याला नक्की येईन."

"काका, काही कमी पडलं का?"

"नाही ग. तिकडे टीव्ही बंद करून झोपता येतं मला. इथे बंद कुणाला करणार?"

काका गेले तरी वाद थांबला नाही. उलट खरं काय ते सांगू शकणारा माणूसच निघून गेल्यामुळे दोघांनाही मोकळं रान मिळालं. आणि एका संध्याकाळी रवी रस्ता ओलांडून दारात आला.

"पॅटिओ तुझाच आहे," तो श्रीरंगला म्हणाला. "नैना मला मुलीसारखी. फक्त माझ्या छपराखाली 'खर्चात कपात' हे शब्द कुणी काढायचे नाहीत."

"मग नको तुझा पॅटिओ," श्रीरंग म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

दार लावताना त्याला बरं वाटलं होतं. मग सीमानं फोन फिरवायला सुरुवात केली. शुगर लँडमधला एकूण एक हॉल बुक होता. स्वतःच्या घरामागे शेड नाही, आणि भर दुपारी उन्हात ऐंशी माणसं उभी केली, तर अंगठ्या घालायच्या आधी सलाइन लावावं लागलं असतं. ऑस्टिनला फिजिओथेरपिस्ट असलेली नैना बातमी ऐकताच गाडी काढून तडक घरी आली.

"डॅड, यू कान्ट इव्हन व्होट देअर!"

"म्हणूनच माझं मत निःपक्षपाती आहे."

नैना सोफ्यावर बसली आणि रडायला लागली. श्रीरंग तिच्याजवळ गेला, पाठीवरून हात फिरवला. त्याला फार वाईट वाटलं. समोर जाऊन रवीला सॉरी म्हणावं, असंही मनात आलं. तो खिडकीशी गेला, तर रवीच्या लॉनवरची पाटी दिसली. रवीनं तिला आता रात्री उजळणारे दिवे लावले होते. तो परत येऊन बसला.

सीमा आणि शोभा उन्हामुळे रोज मॉलमध्ये चालायला जायच्या. तिथेच दोघींनी विषय मिटवला.

"साखरपुडा पॅटिओवरच होणार," सीमा म्हणाली. "तू तुझ्या मजुराला सांभाळ, मी माझ्या हुजुराला सांभाळते."

ठरल्याप्रमाणे साखरपुड्याच्या दिवशी श्रीरंगला पंख्याशेजारी एका टोकाला बसवलं आणि रवीला दुसऱ्या टोकाला मसालेभात वाढायला उभं केलं. प्रल्हादकाकाही आले, पण त्यांनी खुर्ची घरात ओढून घेतली. सगळं सुरळीत चाललं होतं. एवढ्यात नवऱ्यामुलाचे, अनयचे, वडील, म्हणजे होणारे व्याही, सनीव्हेलहून आलेले एकनाथराव, ताट घेऊन हिंडता हिंडता पॅटिओच्या मधोमध आले. दोन्ही टोकांचे चेहरे त्यांना दिसले.

"काय हो श्रीरंगराव, कसली काळजी?"

"काही नाही," श्रीरंगनं चोरून सीमाकडे पाहिलं. "ते जरा... ब्रिटनच्या कर्जाचं."

एकनाथरावांचा चेहरा उजळला. "अहो, मग मला विचारायचं! मी प्रोजेक्टवर होतो ना तिकडे काही महिने, लंडनजवळ स्लाऊला. हुजूर काय, मजूर काय, दोघंही सारखेच. त्या तिसऱ्या उदारमतवाद्यांना द्या म्हणावं एकदा देश!"

मसालेभाताचा डाव पातेल्यात पडला. रवी तरातरा चालत आला. श्रीरंगही उठला. इतक्या दिवसांनी प्रथमच दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलं.

"श्री, ऐकलंस?"

"ऐकलं."

"तिसरा म्हणे!"

"बघ ना. अनुभव नाही, काही नाही," श्रीरंग म्हणाला, आणि खांद्याला खांदा लावून दोघं व्याह्यांसमोर उभे राहिले.

एकनाथरावही हटणारे नव्हते. त्यांनी ताट खाली ठेवलं. पुढचा सगळा वेळ तिघांची बोटं हवेत होती. पाहुणे आधी घाबरले, मग खुर्च्या वळवून बसले. कुणीतरी व्याजदर म्हणालं, कुणीतरी पेन्शन म्हणालं. पक्ष न निवडलेल्यांनी तिथल्या तिथे पक्ष निवडले.

श्रीरंगनं घाम पुसायला मान वळवली तेव्हा नैना शेजारी उभी होती. तिच्या बोटात अंगठी होती.

"डॅड, वी आर एंगेज्ड."

"कधी?"

"व्हाइल यू वर फिक्सिंग द बजेट."

श्रीरंग ओशाळला. त्यानं तिला जवळ घेतलं, अनयला मिठी मारली. रवीचे डोळे भरून आले. त्यानं ते एकनाथरावांच्या रुमालानं पुसले, आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले.

सोमवारी सकाळी सीमानं दार उघडलं तर रवीची गाडी समोर उभी होती आणि श्रीरंग डबा घेऊन तीत बसत होता.

"अरे वा," ती म्हणाली. "मिटलं वाटतं?"

"मिटवावंच लागलं," श्रीरंग गंभीरपणे म्हणाला. "देश अडचणीत असताना आपसात भांडून कसं चालेल?"

"कुठला देश?"

श्रीरंगनं रवीकडे पाहिलं. रवीनं श्रीरंगकडे पाहिलं. मग रवीनं गाडी सुरू केली.