कटिंग म्हणजे कटिंग

कारखान्यात बावीस वर्षं कापड कापणाऱ्या कटिंगमास्तरांना पगार मात्र अकुशल कामगाराचा होता, कारण त्यांच्याकडे प्रमाणपत्र होतं वेल्डिंगचं. शिकलेलं काम आणि करत असलेलं काम जुळलं, तरच कुशल पगार, असा नवा नियम निघाला होता.

“वेल्डिंग कापडाशी जुळत नाही,” लेखनिक म्हणाला. “कटिंगचा कोर्स करा, लगेच वाढवतो.”

मास्तरांची बायको घरी काजं-बटणं करायची. डोळे अधू होत चालले होते. पगार वाढला तरच तिची त्यातून सुटका होती. तिनेच गल्लीच्या तोंडाशी कोर्स शोधला.

“अगं, तिथे केस कापायला शिकवतात.”

“पाटीवर कटिंगच लिहिलंय ना? मग गुपचूप जाऊन बसा. तुमचा तो लेखनिक पाटीपलीकडे वाचतो कधी?”

मास्तर तीन महिने गेले आणि काठावर पास झाले. लेखनिकाने इकडे कटिंग, तिकडे कटिंग बघितलं आणि शिक्का मारला.

वाढीव पगार हातात पडण्याआधीच तपासनीस साहेब आले. त्यांना दुर्दैवाने पूर्ण कागद वाचायची सवय होती.

“हे तर केसांचं आहे.”

लेखनिकाला आपला शिक्का आठवला. “मास्तर तेही करतात, साहेब. हात बसलाय त्यांचा.”

“असं? मग माझेच कापू द्या.”

मास्तरांनी साहेबांना कापडाच्या टेबलाशी बसवलं आणि कानामागे खडूने रेघ मारली.

“हे काय?”

“माप, साहेब. हलू नका, घडी मोडेल.”

कात्री सरळ, न थांबता फिरली. साहेबांनी मानेवरून हात फिरवला. “इथे एवढे का सोडलेत?”

“शिलाईत धरलेत. पुढेमागे सुटलात तर उसवता येतील.”

साहेबांनी आरसा मागवून डावीउजवीकडून पाहिलं. लेखनिक भिंतीकडे तोंड करून उभा होता. शेवटी साहेबांनी पेन काढलं.

संध्याकाळी बायकोने कागद नाकाशी धरला, मग मास्तरांपुढे सरकवला. “वाचा.”

“‘हा मनुष्य निःसंशय कापडच कापतो. कुशल पगार लागू करावा.’”

“खाली अजून काहीतरी बारीक लिहिलंय.”

मास्तर जरा घुटमळले. “‘केसांच्या आसपास फिरकू देऊ नये.’”

तिने बटणांचा डबा कायमचा बंद केला. मग, असावं म्हणून, आपला अंबाडाही चाचपून घेतला.