आधी हुकूम, मग गाव

पत्रिका छापायचा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला, तेव्हा इस्लामपूरपासून कडेगावपर्यंतच्या पट्ट्यात माझ्याएवढा हुशार माणूस दुसरा नव्हता! हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगायला तयार नव्हतं. साल शहाण्णव. इस्लामपुरात तीन मशीनचा कॉम्प्युटर क्लास निघालेला. चपला बाहेर काढून आत जायचं. आत एसीचा असा गारवा, की निम्मी पोरं शिकायला नाही, झोपायला यायची. मी मात्र जागा राहून शिकलो. तिथंच सगळं चुकलं!

झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीचा, अक्षताचा, साखरपुडा ठरला. मुलगा पाटणचा, प्रबुद्ध नाव, पाटबंधारे खात्यात नोकरी. पोरगा लाखात एक, पण त्याचे वडील! भंडारे गुरुजी. चळवळीतला माणूस, शब्दाला पक्का. पहिल्याच बैठकीत त्यांनी बोट वर करून सांगितलं, "आण्णा, मानपान न्हाई, बडेजाव न्हाई. दोन्हीकडची मिळून शंभर माणसं. शंभराच्या वर एक पान वाढलं, की मी हाय तसा उठून पाटणची वाट धरणार!"

आणि धरणाराच माणूस तो. सख्ख्या पुतण्याच्या साखरपुड्यात बँड वाजला म्हणून ताट सोडून निघून आलेला!

अक्षताला प्रबुद्ध पसंत होता. ती तोंडानं बोलली नव्हती. पण गडबडून तिनं त्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो पठ्ठ्या हूं की चूं न करता पिऊन "छान हाय" म्हणाला, तेव्हाच घरात सगळ्यांना कळलं, की हे जमलं. मोडलं तर पोरगी आयुष्यभर तोंड उघडून काही म्हणणार नाही, नुसती बघेल. मला तिच्या बघण्याची लय भीती वाटते.

म्हणून आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, यादी करून घेतली. आमच्याकडं आवतणाला पायऱ्या असतात. सगळ्यात वरची पायरी चूलबंद. चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायचीच नाही. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत सगळं घर आपल्याकडं जेवणार. ते आवतण नात्यातल्या पंधरा घरांना. गावातल्या बाकी एकशे चाळीस घरांना नुसतं कळवायचं, की साखरपुडा घरगुती आहे, लग्नाला मात्र अगत्य यावे.

दोन याद्या म्हणून दोन फायली. एकीचं नाव 'नाती', दुसरीचं 'गाव'. प्रोग्राम चालवताना आधी 'पत्रिका' असं त्याचं नाव लिहायचं, मग डॅश देऊन हुकमाचं अक्षर, मग फायलीचं नाव. डॅश सी म्हणजे चूलबंद. डॅश के म्हणजे नुसतं कळवायचं. प्रोग्राम एकेक शब्द बघत जाणार. डॅश दिसला की तो हुकूम. बिनडॅशचा शब्द आला की ती फाईल, आणि तिथं बघणं बंद! हुकूमच मिळाला नाही तर? तर चूलबंद. कारण मी सगळी तपासणी मामाच्या चूलबंद पत्रिकेवर करत होतो आणि दरवेळी डॅश सी दाबायचा मला कंटाळा!

क्लास शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, "महेंद्र, कुणी फायलीच्या नावानंतर हुकूम लिहिला तर रे?"

"कोण कशाला लिहील, मॅडम?"

"माणसं कशीही लिहितात. निदान न वाचलेलं काही उरलं तर प्रोग्रामनं ओरडावं. गप्प बसून मनाचं करू नये."

"मॅडम, चालवणारा मीच आहे की!"

हे वाक्य मी किती रुबाबात म्हटलं होतं!

शनिवारी दुपारी छपाईला गेलो. साखरपुडा रविवारी अकराला, गावातल्या विहारात. नातेवाइकांना तोंडी आवतण आधीच गेलेलं, पत्रिका रीतीपुरती. बरोबर आण्णाही आले. आण्णा फौजेतून हवालदार म्हणून सुटलेले. आयुष्यभर रिक्रूटांना कवायत शिकवली. त्यांनी बूट दारात जोडीनं लावले, आत येऊन मशीनकडं असं बघितलं, की मला वाटलं आता तिची वर्दी तपासतात.

'नाती' मी चालवली. प्रिंटर किंचाळला, पंधरा पत्रिका बाहेर. पहिली वाचली. चूलबंद! एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मी कागदाच्या कडांच्या भोकांच्या पट्ट्या फाडत बसलो. आण्णा म्हणाले, "दुसरा हुकूम म्या देतो. बघितलंय म्या कसं दाबायचं ते."

"आण्णा, सांगू का?"

"काय नगं सांगू. सतरा वर्सं हुकूमच दिलंत."

एका बोटानं, दहा मिनिटं. मी मान वळवून पडद्याकडं बघितलं. पत्रिका हजर, गाव हजर, डॅश के हजर. हजेरी पुरी होती. रांग कोण बघतंय! "दाबा," म्हटलं मी. एकशे चाळीस पत्रिका निघाल्या. त्यातली एकही मी वाचली नाही, कारण यंत्र चुकत नसतं!

घड्या घातल्या, पिना मारल्या, संध्याकाळी सायकलवरनं सगळ्या गावात वाटल्या. आणि काय सांगू, जाईन तिथं कौतुक! शेजारच्या रंगुबाईनं पत्रिका लेकाकडनं वाचून घेतली आणि माझ्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लय मोठ्या मनाचं घर रं बाबा तुमचं!" कोपऱ्यावरचा बिराप्पा म्हणाला, "गड्या, मानलं तुला!" मला वाटलं छपाईला मानलं. मी म्हटलं, "काय न्हाई वो, एक डॅश टाकायचा फक्त!"

रविवारी सकाळी आठला दात घासत माळवदावर चढलो. हवा छान होती. उसावर दव होतं. पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बघतो तर काय, गावात एका घरातनं धूर निघेना!

रविवार, सकाळचे आठ, आणि एकशे चाळीस घरांच्या चुली थंड! मला वाटलं गावात कोणी गेलं की काय. खाली डोकावलं तर रंगुबाई ओसरीवर नवं लुगडं नेसून बसलेली, दोन्ही नातवंडांच्या डोळ्यांत काजळ.

"रंगुमावशी, चूल पेटवली न्हाई?"

"का पेटवू? चूलबंद आवतान हाय न्हवं तुमचं! पोरांनी तर काल रातच्यापासनं पोट रिकामं ठेवलंय."

मी उडी मारूनच खाली आलो. तिच्या हातातली पत्रिका घेतली. चूलबंद! पलीकडल्या घरातली घेतली. चूलबंद! तिसऱ्या घरात गेलोच नाही. एकशे चाळीस घरं, घरटी पाच माणसं धरली तरी सातशे! आमच्या आचाऱ्याकडं भात शंभर माणसांचा. आणि अकराला गुरुजी!

तोंडात ब्रश तसाच. ठरवलं, गुपचूप एकेका घरी जाऊन सांगायचं, की चूक झाली, चूल पेटवा. पहिलं घर लालासाहेबांचं. लालासाहेब आण्णांच्याच पलटणीतले, जुने जोडीदार. सहा वर्षांमागं त्यांनी आण्णांचं फौजी कांबळं नेलं आणि भोक पाडून परत दिलं, तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. दारात गेलो तर लालासाहेब कडक इस्त्रीच्या कपड्यांत, छातीला मेडलं लावून खुर्चीवर बसलेले.

"ये रं पोरा! आण्णानं सहा वर्सांनी बोलीवलं. आणि कसं बोलीवलं, तर चूलबंद! म्या कारभारणीला म्हनलं, मानूस मोठा हाय, आपुनच खुळं." आणि डोळे पुसायला लागले!

आता ह्या माणसाला चूल पेटवा म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? ब्रश होता तेवढा तोंडातनं काढला आणि म्हटलं, "लवकर या."

घरी आलो. अक्षता आरशासमोर होती. माझं तोंड बघून वळली.

"दादा, काय झालं?"

सांगितलं. तिनं नुसतं बघितलं! मग हळू आवाजात म्हणाली, "आण्णांना सांग. आत्ता. गुरुजी निघून गेलं तर मी कुणाला काय म्हणनार न्हाई, पर तू तरी गप्प बसू नगंस."

आण्णा दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला साबण. मी भडाभडा सगळं ओकलो, वर म्हटलं, "आण्णा, तुम्ही गाव आधी लिहिलं आणि हुकूम नंतर!"

"मग? बरुबर हाय की!" आण्णांनी वस्तारा खाली ठेवला. "परेड, सावधान! आसंच म्हनत्यात. सावधान, परेड! आसं कोन म्हनतंय? ज्येला हुकूम द्यायचा त्येचं नाव आदी, म्हंजे त्यो कान टवकारतो. मग हुकूम."

"पण माझा प्रोग्राम गाव दिसलं की थांबतो, आण्णा. पुढचं वाचत नाही."

"आनी तसं सांगत बी न्हाई?"

"न्हाई."

"मनानंच काय बी करतो?"

"...व्हय."

"रिक्रूटाला हुकूम उमगला न्हाई तर त्यो 'उमगलं न्हाई उस्ताद' म्हनून वरडतो. तुझा गडी मुका ऱ्हाऊन सातशे मानसं जेवाय बोलावतो! चूक माझी का त्येची?"

मॅडमही हेच म्हणाल्या होत्या. फरक एवढाच, की त्यांच्या हातात वस्तारा नव्हता.

घड्याळात नऊ. आण्णांनी अर्धी दाढी तशीच ठेवली आणि विहाराच्या माइकवर गेले. मला वाटलं आता गाव आपल्याला जिवंत सोडत नाही!

"गावकरी मंडळी, ऐका! समद्यास्नी जयभीम, रामराम. चूलबंद पत्रिका चुकून गेली. चूक आमच्या घरची. आवतान मात्र आता माघारी घेनार न्हाई. भात शंभराचा हाय. आमटी वाढवतो, चुलवानावर गुऱ्हाळाची काहील चढतीया. भाकरी ज्येच्या त्येच्या घरची! गावकरी मंडळी, चुली पेटवा!"

मग लालासाहेबांचा आवाज आला, "हुकूम हाय! उठा!" आणि कुठूनतरी हसण्याची लाट आली. पाच मिनिटांत गावभर धूर! बायका शिव्या घालत होत्या, पण थापतही होत्या. रंगुबाई तर माझं नाव घेऊन एकेक भाकरी थापत होती, थापीचा आवाज मला गल्लीतनं ऐकू येत होता.

अकराला गुरुजींच्या दोन ट्रॅक्स गाड्या वेशीत आल्या, आणि नेमकं तेव्हाच सगळं गाव डोक्यावर परात, पाटी, डबा, वर पांढरं फडकं झाकून विहाराकडं निघालेलं! पुढं मेडलं लावलेले लालासाहेब, मागं सातशे माणसं! लांबून बघणाऱ्याला काय वाटेल? रुखवताची मिरवणूक!

गुरुजी उतरले. बघितलं. चेहरा दगड! आणि एक पाय परत गाडीत ठेवला. "आण्णा, शब्द काय ठरला हुता? प्रबुद्ध, बस गाडीत."

प्रबुद्धनं एकदा वडलांकडं बघितलं, एकदा अक्षताकडं. तो पठ्ठ्या बसला नाही, पण उभाही नीट राहीना. आण्णांचं तोंड अर्ध्या दाढीसकट पांढरं पडलं. मी पुढं झालो आणि म्हणालो, "गुरुजी, त्याचं असं आहे, डॅश के हा फायलीच्या नावानंतर आला..."

"काय बोलतोय ह्यो?"

गाडीवाल्यानं चावी फिरवली. तेवढ्यात अक्षता सरळ लालासाहेबांकडं गेली, त्यांच्या परातीवरचं फडकं उचललं, एक भाकरी आणि वर खर्डा तळहातावर घेतला, आणि गुरुजींपुढं जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, हे रुखवत न्हाई. दादाच्या चुकीनं समद्या गावाला जेवायचं आवतान गेलं. आण्णांनी माइकवर चूक कबूल केली. म्हनून लोक आपली भाकरी आपुन घिऊन आल्यात. खोटं वाटत आसंल तर हवी ती परात उघडून बघा."

गुरुजींनी खरंच दहा-बारा फडकी उचलली. मास्तर माणूस, तपासल्याशिवाय मार्क देणार नाही! सगळीकडं ज्वारीची भाकरी, खर्डा, कांदा. रंगुबाईच्या परातीत तर पाच भाकऱ्या करपलेल्या. "माझ्या नावाच्या असणार," असं मी मनात म्हटलं.

"पानं कितींची मांडलीत?" गुरुजींनी विचारलं.

"आमी पान कशाला मांडू?" लालासाहेब म्हणाले. "भाकरी हातावर, आमटी भाकरीवर!"

गुरुजींनी पाय गाडीतून काढला. अक्षताच्या हातातली भाकरी घेतली, तुकडा मोडला, खर्डा लावून खाल्ला, आणि डोळ्यांत पाणी आलं. खर्ड्यानं आलं की कशानं, मला माहीत नाही. म्हणाले, "आण्णा, चळवळीत इतकी वर्सं भाषणं केली, पर सातशे मानसांचा इतका साधा समारंभ म्या बघितला न्हाई. चला, वंदना घ्या!"

अक्षतानं माझ्याकडं बघितलं. या वेळचं बघणं वेगळं होतं.

साखरपुडा झाला. आण्णांनी आणि लालासाहेबांनी एकाच परातीत हात घातला, मध्येच कांबळ्यावरून परत भांडले आणि परत जेवले. सोमवारी मी क्लासला जाऊन प्रोग्राम दुरुस्त केला. आता हुकूम आधी लिहा, नंतर लिहा, समजतो. आणि नाही समजला तर असा बोंबलतो, की मॅडमनी आवाज कमी करायला सांगितला!

मी खूश होऊन घरी आलो तर अंगणात परातींचा हा ढीग! आमटी न्यायला म्हणून आणलेली पातेली वेगळी. सगळी सारखी, एकावरही नाव नाही. आणि आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं.

आई म्हणाली, "परत्येकात गुळाचा खडा घाल आनी ज्येची त्येला पोचीव. काढ की तुझ्या यंत्रावर यादी!"

सायकलला पराती बांधून निघालो. पहिलं घर रंगुबाईचं. तिनं गूळ तोंडात टाकला, परात उलटीसुलटी करून आपलीच आहे याची खात्री केली आणि विचारलं, "मग लग्नाला बी चूलबंदच न्हवं रं, बाबा?"

मी गप्प बसलो, हुकूमच दिला नाही.

तिनं चूलबंद धरलं!